दोन-दोन कॉलेज लागली, आता एमबीबीएस कुठं करायचं?

एमसीसीच्या (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) यादीत बाहेरच्या राज्यातलं गव्हर्नमेंट कॉलेज, महाराष्ट्राच्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या सीईटी सेलच्या यादीत घरापासून तासाभरावरचं प्रायव्हेट, आणि वर कुणीतरी ओळखीच्याने सुचवलेलं डीम्ड (अभिमत विद्यापीठ), असा तिढा घेऊन ॲडमिशनच्या दिवसांत आमच्याकडे सल्ला घ्यायला रोज पालक येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, नाव कुणाचं मोठंय? आमचं म्हणणं, नाव राहू द्या, आधी ओपीडी बघा.

म्हणजे खरंच जाऊन बघा. सकाळी साडेनऊ-दहाला केसपेपरच्या खिडकीपाशी उभं राहा, रांग किती आहे, वॉर्डात पेशंट आहेत की नुसत्या चादरी घातलेल्या कॉट. मग कँटीनमध्ये एखाद्या इंटर्नला चहा पाजा आणि विचारा, टाके स्वतः घालायला मिळतात का, डिलिव्हरी करता का लांबून बघता, स्टायपेंड वेळेवर येतो का. साडेचार वर्षं कोर्स आणि एक वर्ष इंटर्नशिप, पेशंटच नसतील तर शिकणार कुणावर? नवीन एम्स की जुनं जीएमसी (राज्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) हा वादही असाच, नागपुरात तर दोन्ही आहेत, जीएमसी 1947 चं, एम्स 2018 चं. नुसत्या पाटीवर ठरवू नका, दोन्हीकडं चक्कर मारून या.

पैशाचा हिशोब मात्र घरी बसून करा आणि पूर्ण करा. बऱ्याच डीम्डची फी वर्षाला 20 लाखांच्या पुढं जाते, त्यात होस्टेल, मेस वेगळी. महाराष्ट्रात मुलीला कॅपमधून (सरकारी प्रवेश फेऱ्या) सीट मिळाली असेल, ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधून असाल आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर 2024-25 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, प्रायव्हेटलासुद्धा, पण डीम्ड त्यात येत नाही. बाहेरच्या राज्यात गव्हर्नमेंट फी कमी दिसते पण बॉन्ड, म्हणजे शिकून झाल्यावर सरकारी सेवेची सक्ती, किती वर्षांचा आणि तोडला तर दंड किती हे त्या राज्याच्या ब्रोशरमध्ये वाचल्याशिवाय हो म्हणू नका. एएफएमसीचं (पुण्याचं सैन्याचं मेडिकल कॉलेज) तर वेगळंच, तिथं पुढं सैन्यातली सेवा आहे, ती आवड असेल तरच.

पीजीचाही, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसचाही विचार आत्ताच. 29 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने पीजीला डोमिसाइलचं (राज्याचा रहिवासी म्हणून) आरक्षण चालणार नाही असं सांगितलं, पण इन्स्टिट्यूशनल प्रेफरन्स, म्हणजे तिथूनच एमबीबीएस केलेल्यांना प्राधान्य, मर्यादेत चालतो, त्यामुळं एमबीबीएस कुठून केलं याला वजन आलंय.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. एमसीसीच्या पहिल्या राउंडची सीट सोडली तर डिपॉझिट जात नाही, दुसऱ्यातली लागूनही घेतली नाही तर जातं, आणि डीम्डसाठी ते 2 लाख असतं. अपग्रेडला (पुढच्या राउंडमध्ये वरचं कॉलेज मिळवायला) हो म्हणालात आणि नवीन कॉलेज लागलं की जुनी सीट आपोआप गेली, मग परत मागून मिळत नाही. म्हणून जे कॉलेज लागलं तर खरंच जाणार तेवढीच प्रेफरन्स लिस्टमध्ये वर टाका. राज्यात रिटेन्शन फॉर्म (मिळालेली सीटच कायम ठेवतो असा) भरलात की पुढचे राउंड तुमच्यासाठी संपले, त्यामुळं तो घाईत कुणाच्या सांगण्यावरून भरू नका, आमच्यासुद्धा.

ऑफिसला येताना दोन्ही अलॉटमेंट लेटर, प्रेफरन्स लिस्टची प्रिंट, उत्पन्नाचा दाखला आणा, ओरिजिनल आधीच एखाद्या कॉलेजात जमा असतील तर त्याची पावती. आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा, नुसते आईबाबा आले की आम्ही चहा देऊन परत पाठवतो.