हरकती व सूचना

हरकती व सूचना : एखादा निर्णय पक्का करण्याआधी शासन किंवा महापालिका त्याचा मसुदा जाहीर करते, ठरावीक मुदतीत नागरिकांचे लेखी म्हणणे मागवते आणि त्यावर सुनावणी घेते, ती प्रक्रिया. विरोध असेल तर हरकत; बदल सुचवायचा असेल किंवा पाठिंबा द्यायचा असेल तर सूचना. शहराचा विकास आराखडा (डीपी), त्यातले फेरबदल, वृक्षतोड, निवडणुकीआधीची प्रभागरचना अशा कामांत ही पायरी टाळता येत नाही. मात्र हे मतदान नव्हे. डोकी मोजून इथे निकाल लागत नाही. एकाच मजकुराच्या हजार पत्रांपेक्षा सर्व्हे नंबर आणि मोजमाप घेऊन आलेले एक पत्र बाजूला सारणे अवघड असते. पुण्यात हरकतींचे गठ्ठे मोठे असतात, पण असे पत्र त्यांत शोधावे लागते.

लेखी गाऱ्हाणे मांडण्याची सवय या शहराला जुनी आहे. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे निमित्त पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वतीवरच्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दलची नाराजी हे होते. सभेचा सभासद व्हायचे तर किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आजच्या कायद्यात ही अट नाही. आराखड्यावर कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. जमीन तिच्या नावावर असण्याचीही गरज नाही. भाडेकरूला, टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्याला, शेजारच्या प्रभागातल्या माणसालाही हा हक्क आहे. ‘तुमचा काय संबंध?’ असे खिडकीवर विचारले गेले तरी अर्ज पुढे करावा.

डीपीची प्रक्रिया महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार चालते. आधी विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, म्हणजे आज कुठे काय आहे त्याची नोंद. त्यावरून प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, बनतो आणि कलम २६ खाली राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध होते. हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. ते राजपत्रातल्या तारखेपासून मोजायचे असतात. पेपरात बातमी वाचली त्या दिवसापासून नव्हे. आलेल्या हरकती नियोजन समितीकडे जातात. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल महापालिकेकडे आणि तिथून बदलांसह आराखडा मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. शासनाने मोठे बदल सुचवले तर तेवढा भाग वगळून तो पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. नगररचनेच्या कामात वावरणारे त्याला ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात. बहुतेकांना ही दुसरी संधी कळतच नाही.

कायदा वृत्तपत्रात प्रसिद्धी मागतो, लोकांना समजले पाहिजे असे मागत नाही. जाहीर प्रकटन आतल्या पानावर, नाव बदलल्याच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या नोटिसांशेजारी बारीक टायपात छापले जाते. लोकमत तयार होते ते बातमीदाराने नकाशा उलगडून ‘अमक्या उद्यानाचे आरक्षण उठले’ अशी बातमी केल्यावर. (आरक्षण म्हणजे सार्वजनिक कामासाठी आराखड्यात राखून ठेवलेली जागा.) म्हणून पहिला आठवडा शांततेत जातो आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत रांगा लागतात. अलीकडे ही बातमी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी पोहोचते, पण सोबत तयार मजकूरही येतो, ‘फक्त नाव टाका आणि पाठवा’. इथेच नुकसान होते. सारख्या मजकुराच्या हरकती एकत्र बांधल्या जातात आणि त्यांना एकच उत्तर मिळते. संख्या बातमीला उपयोगी पडते. समितीच्या टेबलावर मात्र तो एकच मुद्दा उरतो.

हरकत लिहिण्याआधी दोन नकाशे शेजारी ठेवून पाहावेत : विद्यमान वापराचा आणि प्रस्तावित. पिवळा रंग निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक. रिकाम्या प्लॉटवर म्हणून पडलेले आरक्षण प्रत्यक्षात चार मजली इमारतीवर बसल्याचे दिसते तेव्हा चूक बहुधा पहिल्या नकाशातच असते, कारण तो जुन्या पाहणीवर काढलेला असतो. अशा वेळी अन्यायाबद्दल लिहीत बसण्यापेक्षा पहिला नकाशा दुरुस्त करा असे म्हणणे पुरते.

अर्जात सूचनेचा क्रमांक व तारीख, नकाशाचा शीट क्रमांक, पेठेत असाल तर सिटी सर्व्हे नंबर आणि उपनगरात सर्व्हे व हिस्सा नंबर, आरक्षणाचा क्रमांक, मग कारण आणि शेवटी नेमकी मागणी हवी. ‘आमच्या भागावर अन्याय झाला आहे, कृपया विचार व्हावा’ या वाक्यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘अमुक सर्व्हे नंबरमधील १२ मीटर रस्ता २४ मीटर दाखवला आहे. दोन्ही बाजूंच्या इमारतींना भोगवटापत्र मिळालेले आहे. रुंदीकरणात पाण्याची टाकी व जिना जातो. रुंदी १५ मीटर ठेवावी.’ एका अर्जात एकच मुद्दा ठेवावा. पाच मुद्दे असतील तर पाच अर्ज. सोसायटीच्या वतीने लिहिताना ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र जोडावे. दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. ही पोच नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. पत्ता पिनकोडसह पूर्ण लिहावा. पत्ता अर्धवट असला की सुनावणीचे पत्र पोहोचत नाही आणि ‘अर्जदार गैरहजर’ असा शेरा पडतो.

सुनावणीत बोलायला मोजकीच मिनिटे मिळतात. नकाशाचा तेवढा तुकडा मोठा करून त्यावर आपली जागा लाल पेनने दाखवून नेली तर निम्मे काम होते. भाषण करणाऱ्याला थांबवले जाते.

पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ साठीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. महानगर प्रदेशाचा (पीएमआरडीए) २०२१ चा प्रारूप आराखडा तर हजारो हरकती येऊनही २०२५ मध्ये रद्दच झाला. त्या हरकतींमागचे नागरिकांचे श्रम कुठल्याही खात्यात जमा धरले जात नाहीत.

पाठिंब्याचे पत्र लिहायचे असते हे लोक विसरतात. आरक्षण उठावे असे वाटणारा जमीनमालक वकील लावून येतो. ते राहावे असे वाटणारे घरी बसतात, कारण ‘आराखड्यात आहेच की’. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांपैकी पुढेही हद्दीत राहिलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरची सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठी (बीडीपी) राखण्याचा प्रस्ताव होता. त्याच्या बाजूने पुणेकरांनी बराच काळ मोहीम चालवली. राज्य शासनाची मान्यता यायला २०१५ साल उजाडले.

वृक्षतोडीची मुदत सर्वांत आखूड, अवघी ७ दिवस. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार नोटीस वृत्तपत्रात तर येतेच, शिवाय झाडावरही लावावी लागते. पावसाळ्यात तो कागद दोन दिवसांत लगदा होतो, म्हणून दिसताक्षणी तारखेसह फोटो काढावा. मग यादी घेऊन झाडाखाली उभे राहावे : प्रजाती, बुंध्याचा घेर, वय आणि एकूण संख्या जुळते का ते पाहावे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते, त्यामुळे वयाचा रकाना आधी तपासावा. वडाला ‘इतर’ म्हटलेले सापडले तर ती एकच ओळ हरकतीला पुरेशी असते.

हरकतीचे पुढे काय झाले हे कळवण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकेत फायली पाहायला मिळत असत. ही प्रथा पुण्यात आधी सुरू झाली होती; २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतर कार्यालयांनाही लागू केली. फाईल पाहायला मिळाली तर जाताना आवक क्रमांक लिहिलेली पोच सोबत ठेवावी आणि फायलीत आपला अर्ज ज्या पानावर आहे त्या पानावरचा शेरा उतरवून घ्यावा.