लीडरची पात्रता कशी मोजायची? नाशिकच्या डोंगरांतल्या एका वादाची पार्श्वभूमी

ट्रेकचा लीडर, म्हणजे तुकडीला डोंगरात नेणारा आणि तिची जबाबदारी घेणारा माणूस, कोर्सच्या प्रमाणपत्रावर ठरवायचा की अनुभवावर, असा हा वाद आहे. नाशिक जिल्ह्यात माणसे डोंगर चढतात ती ट्रेकिंग क्लब निघायच्या फार आधीपासून. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आणि चैत्रात सप्तशृंगगडाची पायी यात्रा यांना लीडर कधी लागला नाही. वाट ठरलेली असे, मागेपुढे माणसे असत आणि पाय मुरगळला तर जवळचे गाव गाठता येई. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथले किल्ले घेतले आणि बऱ्याच ठिकाणच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदन या किल्ल्यांच्या वाटेवर आज दोर लागतो, त्याचे मूळ तिथे आहे. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या मात्र वाचल्या. पुढच्या काळात सुरक्षेचे जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे या दोन वाटांवर आजही समोर दिसतात.

दार्जिलिंगला १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीला १९६५ मध्ये गिर्यारोहणाचे शिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि महाराष्ट्रातली मुले बेसिक, अ‍ॅडव्हान्स हे कोर्स करून परत येऊ लागली. सह्याद्रीत प्रस्तरारोहण रुजले. १९८६ मध्ये एका ब्रिटिश गिर्यारोहकाने हरिहरचा कडा चढला. स्कॉटिश कडा म्हणतात तो हाच. या काळात लीडर घडत असे तो क्लबमध्ये. आधी तो सर्वांत मागे चालायचा, म्हणजे शेवटच्या माणसाच्या वेगाचा त्याला अंदाज यायचा. मग वाट शोधायची, पाणी मोजायचे, आणि खूप नंतर कधीतरी पुढे चालायचे. कागद कुणी मागत नसे. ही पद्धत चांगली होती, पण तिची कुठे नोंद नव्हती, आणि नेमके तेच पुढे नडले.

हिमालयातल्या ट्रेकवर दगावलेल्या तरुणांचे पालक उच्च न्यायालयात गेले आणि राज्याला साहसी उपक्रमांसाठी नियम करावे लागले. पहिला शासन निर्णय २०१४ चा. त्याला संस्थांनी विरोध केला, प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये सुधारित निर्णय आला. बाहेरून पाहणाऱ्याला हा विरोध म्हणजे नियमच नकोत असा हट्ट वाटला. तसे म्हणणे अन्यायाचे आहे. भांडण दोन गोष्टींवर होते. एक, पदरमोड करून मुलांना डोंगरात नेणारा क्लब आणि माणशी पैसे घेऊन बस भरणारा आयोजक यांना एकच माप का? दोन, लीडरची पात्रता ठरवायची कशी, कोर्सच्या प्रमाणपत्रावर की अनुभवावर?

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. बेसिक कोर्समध्ये बर्फावर चालणे, आइस-अ‍ॅक्स, हिमनदी, उंचीचा त्रास यांवर मोठा वेळ जातो. दोरकामही होते आणि ते सगळीकडे उपयोगी पडते. पण सह्याद्रीत माणूस मरतो तो वेगळ्या कारणांनी. घसाऱ्यावर मुरूम गोट्यांसारखा पायाखालून निसटतो. भिजलेल्या बेसॉल्टवर शेवाळ असते. वाळलेल्या गवतावरून बूट सरकतो. एप्रिलमध्ये उघड्या धारेवर माणशी तीन-चार लिटर पाणीही कमी पडते. आणि आग्या मोहोळ उठले की शिस्त मोडून माणसे कड्याच्या दिशेने धावतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी लीडरने पायथ्यालाच बंद करायच्या असतात. हे सगळे ज्याला अंगवळणी पडले आहे तो गावातला वाटाड्या कागदावर अपात्र ठरतो, आणि एकदाच बर्फात जाऊन आलेला तरुण पात्र. प्रशिक्षणाचा आग्रह योग्यच होता. चुकले ते एवढेच की स्थानिक अनुभव मोजायची सोय त्यासोबत आली नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. अनुभवी म्हणवणारे कितीतरी लीडर मदनच्या साधारण ५० फुटांच्या टप्प्यावर आधीच्या कुणीतरी सोडलेल्या दोराला हात घालतात. ऊनपावसात पडलेला दोर आतून कुजतो आणि वरून ते दिसत नाही. गंजलेल्या एका बोल्टवर सगळा भार देतात, जिथे दोन स्वतंत्र अँकर, म्हणजे दोर अडकवायचे आधार, हवेत. चढणाऱ्याला बिले देताना, म्हणजे तो पडलाच तर अडवण्यासाठी त्याचा दोर धरताना, स्टॅटिक दोर वापरतात. तो ताणत नाही, त्यामुळे पडण्याचा झटका थेट कमरेला आणि अँकरला बसतो. असे अनुभवाने आपोआप सुटत नाही, ते शिकावेच लागते.

याच दरम्यान शाळा-कॉलेजांवरचे दडपण वाढले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे विद्यार्थी बुडाले आणि सहलींबाबतच्या सूचना कडक झाल्या. भर आला तो पालकांच्या हमीपत्रावर. मुलाला भीती वाटली तर त्याला सर्वांसमोर न हिणवता खाली नेणारा दुसरा शिक्षक आहे का, मुलींना आडोसा मिळेल अशा जागी थांबे ठरले आहेत का, हे हमीपत्रावर कुठेच नसते.

त्यात समाजमाध्यमांवरून हरिहर घराघरांत पोचला आणि शनिवार-रविवारी निरगुडपाडा, हर्षेवाडीला गाड्यांची रांग लागू लागली. पायऱ्यांवर हात रोवायला खोबण्या आहेत, पण त्या एका माणसासाठी. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कुणीतरी खोबणी सोडतो, आणि घसरला तर खालच्या चौघांना घेऊन जातो. उपाय जुनाच आहे. एक लीडर वर, एक खाली, दहा-दहाच्या तुकड्या, शिट्टीने एका वेळी एकच दिशा. उतरताना तोंड कातळाकडे. मध्येच कुणी थिजला तर त्याला वरून ओढायचे नसते. एकाने त्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून त्याची पावले हाताने एकेक ठेवून द्यायची. पायऱ्यांवरून पाणी वाहत असेल तर मागे फिरायचे, हा निर्णय पैसे भरलेल्या चाळीस जणांसमोर घेणे सगळ्यात अवघड. माणशी दरावर चालणाऱ्या ट्रेकमध्ये तो सर्वांत कमी वेळा घेतला जातो. वनखात्याने गर्दीच्या दिवसांत प्रवेशावर बंधने आणली, त्याने लोंढा काही काळ थांबला.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले आणि जमीन, पाणी, हवा अशा तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांच्या आयोजकांची नोंदणी पर्यटन खात्याकडे गेली. क्लब आणि व्यावसायिक यांच्यातला वाद त्यानेही मिटला नाही. जुलै २०२५ मध्ये बागलाण तालुक्यातला साल्हेर किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा बागलाणकडेही तोच ओघ वळणार हे उघड आहे. तिथे पुरातत्त्व, वन, पर्यटन आणि ग्रामपंचायत अशा चौघांचा अधिकार आहे. नोंदणी मात्र आयोजकाला बांधते. फोनवर रील पाहून चार मित्रांनी गाडी काढली, तर त्यांच्यात लीडर कोण हे विचारणारा नियम अजून कुठलाच नाही.