कोबी चिरला, काळजात धस्स झालं

दोन धट्टेकट्टे पुरुष हातात सुरे घेऊन कलिंगडावर तुटून पडले आहेत. जवळच मायक्रोफोन, समोर पडदा. पडद्यावर कुणाचा तरी मुडदा पडतोय हे आपल्याला कळतं, पण तो पडदा आपल्याला दाखवलाच जात नाही. दिसतं ते फक्त फुटलेलं कलिंगड, ओघळणारा लाल रस आणि त्या दोघांचे कमालीचे निर्विकार चेहरे. आधी हसू येतं. मग पुढचा घाव पडतो आणि हसू ओठांवरच थिजतं.

पीटर स्ट्रिकलंड या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ हा २०१२ सालचा चित्रपट अशा प्रसंगांवरच उभा आहे. गिल्डरॉय नावाचा बुजरा इंग्रज ध्वनितंत्रज्ञ १९७६ साली एका इटालियन स्टुडिओत कामाला येतो. टोबी जोन्स या नटाने तो साकारलाय. चित्रपट घोड्यांबद्दल असावा अशी बिचाऱ्याची समजूत. निघतो चेटकिणींच्या छळाचा रक्तबंबाळ भयपट. त्या आतल्या भयपटाची श्रेयनामावली तेवढी आपल्याला दिसते, बाकी सगळा तो ऐकायचा. एक गृहस्थ मायक्रोफोनपुढे उभे राहून पिशाच्चाचे चीत्कार काढतात, तेही शास्त्रीय गायकाच्या गांभीर्याने. गिल्डरॉय विमानाच्या तिकिटाचे पैसे मिळावेत म्हणून टेबलाटेबलांवर हेलपाटे घालतो. कापलेल्या भाज्यांचा ढीग कोपऱ्यात सडत जातो. चित्रपट आपल्याच धंद्याची अशी यथेच्छ टर उडवतो.

जादूगाराने युक्ती उघड केली की जादू संपते. इथे युक्ती सुरुवातीपासूनच उघडी आहे आणि तरी पोटात गोळा येतो. असं का व्हावं?

आधी कोबीकडे पाहू. ताज्या भाजीची प्रत्येक पेशी पाण्याने टम्म भरलेली असते. आतलं पाणी पेशीभित्तीला सतत बाहेर रेटत असतं, त्यामुळे भित्ती ताणलेली असते. सुरी आत घुसली की तडा एका पेशीतून दुसरीत धावतो आणि साठलेला ताण एकदम मोकळा होतो. प्रत्येक फुटीतून आवाजाचा एक बारीकसा, क्षणार्धाचा ठोका निघतो. असे असंख्य ठोके वेड्यावाकड्या अंतराने एकामागून एक येतात आणि आपल्याला ‘कर्रकच्च’ ऐकू येतं. शिळी, मलूल भाजी म्हणूनच या कामाला कुचकामी. तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, भित्ती सैल पडलेली असते, ती तुटत नाही, नुसती वाकते. कलिंगडाची गंमत आणखी वेगळी. वरची साल कडक, आत पोकळसर गर, त्यात पाणी. म्हणजे आधी कठीण काहीतरी फुटल्याचा टणक आवाज आणि लगेच मागोमाग ओल्या, मऊ वस्तूत पातं रुतल्याचा भदभदीत आवाज. कवटी किंवा बरगड्यांकडून आपली हीच अपेक्षा असते.

अपेक्षा म्हणतो, कारण अनुभव जवळपास कुणालाच नसतो. बरगड्या फुटताना आपल्यापैकी कितीजणांनी ऐकल्यात? त्यामुळे तुलना करायला मूळ प्रतच नसते. शिवाय कानाचा खाक्याच निराळा. विल्यम गेव्हर या संशोधकाने १९९३ साली हा मुद्दा नेमका मांडला होता: रोजच्या ऐकण्यात आपण आवाजाचे गुणधर्म ऐकत नाही, घटना ऐकतो. काय आपटलं, किती जड होतं, पोकळ की भरीव, ओलं की कोरडं, घासलं की फुटलं, हे कान चटकन सांगतो. ती वस्तू कोणती, हे मात्र तो बऱ्याचदा डोळ्यांवर किंवा संदर्भावर सोपवतो. चित्रपटासाठी असे बनावट आवाज काढणारे फोली कलाकार नेमके या फटीतून आत शिरतात. जॅक फोली या माणसाने १९२९च्या सुमारास युनिव्हर्सल स्टुडिओत, चालत्या चित्राकडे पाहत पावलांचे, कपड्यांचे, टाळ्यांचे आवाज जागच्या जागी काढायला सुरुवात केली; या कामाला त्याचंच नाव पडलं. खरा आवाज वापरून भागतंच असंही नाही: खऱ्या गुद्द्याचा आवाज इतका फुसका असतो की पडद्यावर तो खोटा वाटेल.

चित्र आणि आवाज जोडायला मेंदू किती उतावीळ असतो, याचीही मापं काढलेली आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतल्या आकड्यांनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाच्या लक्षात येतं. मागे राहिला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. हा पक्षपात निसर्गातून आलेला असावा. प्रकाश तत्काळ पोचतो, आवाज सेकंदाला जेमतेम ३४३ मीटर चालतो. चौतीस मीटरवरच्या माणसाने टाळी वाजवली तर ती दिसल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाने ऐकू येते. उलटं कधीच घडत नाही. म्हणून उशिरा आलेल्या आवाजाला मेंदू सांभाळून घेतो, आगाऊ आवाजाला नाही.

हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांचा प्रयोग तर याहून चमत्कारिक. माणसाचे ओठ ‘गा’ म्हणताना दाखवायचे आणि त्यावर ‘बा’चा आवाज चढवायचा. बऱ्याच लोकांना तिसरंच काहीतरी, ‘दा’, ऐकू येतं. डोळे मिटले की ‘बा’, उघडले की पुन्हा ‘दा’. हा शोध प्रसिद्ध झाला १९७६ साली, म्हणजे आपला गिल्डरॉय कथेत इटलीला पोचतो त्याच वर्षी. योगायोग, पण झकास. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की युक्ती माहीत असूनही भ्रम मोडत नाही. प्रयोग स्वतः रचणाऱ्यालाही ‘दा’च ऐकू येतो.

हेच भीतीच्या बाबतीत लागू होतं का, हे पाहायला एक सुंदर प्रयोग आहे. फळ्यावर नख ओढल्याचा आवाज घ्या. नुसतं वाचूनही काहींच्या अंगावर काटा आला असेल. क्रिस्टोफ रॉयटर आणि मिखाएल ओलर यांनी २०११ साली मांडलेल्या अभ्यासात असे आवाज लोकांना ऐकवले. अर्ध्यांना आवाज कशाचा ते खरं सांगितलं. उरलेल्यांना सांगितलं की हा आधुनिक संगीतरचनेचा तुकडा आहे. ‘संगीत’ ऐकणाऱ्यांनी त्याला कमी त्रासदायक ठरवलं. पण सगळ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली जात होती. घाम सुटू लागला की ती वाढते. तिथे दोन्ही गटांत तसा फरक पडला नाही. तोंड म्हणालं ‘ठीक आहे’, कातडीने ते मानलं नाही.

त्या नखांच्या आवाजात छळणारा भाग साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, पट्ट्यात असतो. आपली कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमू लागते आणि त्या पट्ट्यातले आवाज वाढवून आत पाठवते. अनुनादाचं साधं गणित आहे, पण त्याचा जाच कानाला होतो.

किंकाळीचं गुपित आणखी वेगळं. ती नुसती मोठी किंवा उंच पट्टीतली असते म्हणून भिववत नाही. ल्युक आर्नाल, डेव्हिड पॉपेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिलं की किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली थरथरते. साध्या बोलण्यात हाच चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होतो. तो वेग शब्दावयवांचा. किंकाळीतला वेगवान थरथराट बोलण्यासाठी जवळपास वापरलाच जात नाही, तो धोक्यासाठी राखून ठेवल्यासारखा आहे. धोक्याच्या भोंग्यांतही हाच खरखरीतपणा सापडला, आणि असे आवाज ऐकताना मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. त्याआधी, २०१० साली, डॅनियल ब्लमस्टाइन यांनी शंभरावर गाजलेल्या चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या होत्या. हे गृहस्थ मुळात मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या ओरडण्याचे अभ्यासक. घाबरलेल्या जनावराचा आवाज ताणला जाऊन फाटतो, त्यात गोंगाट मिसळतो. भयपटांतही नेमका असा फाटका गोंगाट जास्त आढळला. ध्वनिरचनाकारांनी प्राणिशास्त्र वाचलं नव्हतं, त्यांचा कान तिथवर आपसूक पोचला होता.

दचकण्याची वाट तर अमिग्डालाच्याही आधीची. अचानक मोठा आवाज झाला की संदेश कानातून मेंदूच्या खोडात शिरतो आणि तिथल्या तिथे मान, खांदे, पापण्यांना हुकूम सुटतो. पापणी लवायला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत बातमी सावकाश पोचते. तोवर आपण खुर्चीत उडालेलो असतो. ‘हा तर कोबी आहे’ हे ज्ञान त्या वाटेवर कुठे भेटतच नाही. हे दचकणं कमीजास्त मात्र करता येतं. व्राना, स्पेन्स आणि लँग यांनी १९८८ साली दाखवलं की किळसवाणी किंवा भीतिदायक चित्रं पाहणाऱ्यांच्या पापण्या तेवढ्याच आवाजाला अधिक जोरात लवतात, सुखद चित्रं पाहणाऱ्यांच्या कमी. मन आधीच धास्तावलेलं असेल तर तोच आवाज जास्त लागतो. स्ट्रिकलंड हे काम भाज्यांच्या सडण्यावर, फिरत्या टेपवर, ‘शांतता’ असा लाल दिवा लुकलुकण्यावर सोपवतो. धक्के तो फारसे देतच नाही. धास्ती साठवत नेतो.

भयपटातल्या आवाजांची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास अवश्राव्य ध्वनीचा विषय काढतो: २० हर्ट्झच्या खालचा, ऐकू न येणारा आवाज म्हणे भुतं दाखवतो. याचं मूळ आहे व्हिक टँडी या अभियंत्याच्या १९९८च्या लेखात. प्रयोगशाळेत त्याला कुणीतरी असल्याचा भास होई. शोधल्यावर एका पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची स्थिर लाट उभी राहत असल्याचं त्याला आढळलं. गोष्ट मोहक आहे. पण पुढे लंडनमध्ये क्रिस्टोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी एक ‘झपाटलेली खोली’ मुद्दाम बांधली. तीत अवश्राव्य ध्वनी कधी चालू, कधी बंद ठेवला. लोकांना विचित्र अनुभव आले खरे, पण ध्वनी चालू असण्या-नसण्याशी त्यांचा मेळ बसेना. सूचनेने भारावणाऱ्या माणसांना ते जास्त आले असावेत, एवढाच निष्कर्ष राहिला. त्यामुळे या अदृश्य भुतावर माझा फारसा विश्वास नाही. ऐकू येणारे आवाज पुरेसे भयंकर आहेत.

याच दिग्दर्शकाने २०२२ साली ‘फ्लक्स गुर्मे’मध्ये विनोदाचा पारा आणखी चढवला. स्वयंपाकाच्या आवाजांतून मैफल उभी करणारी एक कलाकार मंडळी, त्यांना आश्रय देणारी एक संस्था, आणि या सगळ्यांची नोंद ठेवायला नेमलेला, पोटातल्या वायूने बेजार झालेला एक लेखक. स्ट्रिकलंड स्वतः एके काळी असेच स्वयंपाकाचे आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्या चमूत होता, त्यामुळे टोमणे घरचेच. कढई, भांडी, यंत्रं यांना मायक्रोफोन जोडले की एरवी कानाआड राहणारं भौतिकशास्त्र बाहेर येतं. उदाहरणार्थ, पाणी उकळण्याआधी जास्त आवाज करतं. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरून फटाफट मिटतात, त्याचा तो सळसळाट. पाणी पूर्ण तापलं की बुडबुडे शाबूत वर येतात आणि आवाज मवाळ होतो.

या चित्रपटात एक धुमसतं भांडण आहे ते फ्लँजर नावाच्या उपकरणावरून. संस्थेची संचालिका म्हणते तो जरा कमी करा. कलाकार बाई म्हणते, प्राण गेला तरी नाही. फ्लँजर करतो काय? मूळ आवाजात त्याचीच काही मिलिसेकंद मागे ठेवलेली प्रत मिसळतो. काही कंपनं एकमेकांना जोर देतात, काही एकमेकांना पुसतात, म्हणजे आवाजाच्या वर्णपटात ठरावीक अंतरांवर खाचा पडतात. मग ती प्रत किती मागे ठेवायची हे हळूहळू बदलत राहायचं. खाचा वरखाली सरकतात आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा ‘श्वाऽऽव’ असा घुमारा फिरतो. इतक्या बारक्या गोष्टीवरून माणसं एकमेकांचे गळे धरतात, यातलं व्यंग ज्याने कुठल्याही कलासंस्थेची बैठक पाहिलीय त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

पोटाचे आवाज मात्र नुसता विनोद नाहीत. उपाशी पोटी साधारण दर दीड ते दोन तासांनी आतड्यांतून आकुंचनाची एक जोरकस लाट फिरते. उरलंसुरलं पुढे ढकलते. द्रव आणि वायू अरुंद नळीतून सरकताना जे गुरगुरतं ते हेच. ते मोठं करून ऐकवलं की प्रेक्षक अस्वस्थ होतात, आणि ही अस्वस्थता भीतीपेक्षा किळसेच्या जवळची असते. सॅलफर्ड विद्यापीठाच्या ट्रेव्हर कॉक्स यांनी २००७ साली जाहीर केलेल्या ऑनलाइन पाहणीत, ११ लाखांहून अधिक मतांनंतर, सर्वांत भीषण आवाज ठरला तो ओकारीचा. किंकाळीचा नव्हे, आणि फळ्यावरच्या नखांचाही नव्हे. दुसरा क्रमांक मायक्रोफोनच्या शिट्टीचा. ‘फ्लक्स गुर्मे’त या दोन्ही जातींचे आवाज भरपूर आहेत, तेव्हा जेवायला बसून तो पाहू नये.

आणि पाहताना असह्य झालं तर बहुतेकजण डोळे मिटून घेतात. तो उपाय उलटा पडतो. तेल अवीवच्या संशोधकांनी २००९ साली लोकांना भीतिदायक संगीत उघड्या आणि मिटल्या डोळ्यांनी ऐकवलं. डोळे मिटल्यावर भावना तीव्र झाली आणि अमिग्डालाही जास्त सक्रिय झाला. त्यापेक्षा दोन बोटं कानांत घातलेली बरी. उंच पट्टीतलं बरंचसं बाहेर अडतं, आत येतो तो नुसता बोथट घुमारा, आणि पडद्यावर दोन माणसं कलिंगड कापताना दिसतात.