प्राथमिक जीवशास्त्राची प्रात्यक्षिके (पुणे)

सजीवांची रचना आणि कार्ये प्रयोगशाळेत स्वतः पाहून, मोजून आणि आकृती काढून समजून घेण्याची पद्धत. पुण्यात अकरावी-बारावीच्या व बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात तिला ठरलेली जागा आहे. विद्यार्थी नुसते ‘प्रॅक्टिकल’ म्हणतात. बारावीच्या जीवशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात.

शहरात या शिक्षणाला जुना आधार आहे. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले, सर परशुरामभाऊ महाविद्यालय १९१६ मध्ये. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था.

सुरुवात बहुधा कांद्याच्या पापुद्र्यापासून होते: सॅफ्रनिन या लाल रंगद्रव्याचा थेंब, काचपट्टी, वर हवेचा बुडबुडा राहू न देता अलगद टेकवलेली आच्छादन काच. त्यानंतर ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी खालची साल मिठाच्या पाण्यात ठेवली, की पेशीतला रंगीत भाग भित्तिका सोडून आत आकसतो. साधे पाणी सोडल्यावर तो पुन्हा फुलतो. परासरणाची (पातळ पडद्यातून पाण्याच्या ये-जा करण्याची) व्याख्या पाठ असलेल्या मुलालाही ते इथे पहिल्यांदा खरे वाटते.

सर्वांत जास्त शिकवतो तो कांद्याच्या मुळाच्या टोकाचा प्रयोग. टोक आम्लात मऊ करून, अ‍ॅसिटोकार्मिन या रंगद्रव्याने रंगवून, आच्छादन काचेखाली अंगठ्याने दाबायचे. पुस्तकात पेशीविभाजनाच्या प्रत्येक अवस्थेला सारखीच जागा मिळते, पण भिंगाखाली बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्या अवस्थेतच असतात, कारण पेशीचे बहुतांश आयुष्य त्याच अवस्थेत जाते. मध्यावस्थेतली (गुणसूत्रे पेशीच्या मधोमध आलेली), १६ गुणसूत्रे मोजता येतील अशी पेशी शोधायला पट्टी बराच वेळ सरकवावी लागते. म्हणून एका दृश्यक्षेत्रात कोणत्या अवस्थेच्या किती पेशी आहेत हे मोजायला लावणे अत्यंत मोलाचे आहे. पुस्तकातली देखणी आकृती जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) उतरवण्याची सवय या प्रयोगाचा जीवच काढून घेते. आकृती दिसलेल्या पेशीची हवी, मग ती वेडीवाकडी का असेना.

लाळेतील अमायलेज हे विकर (क्रिया वेगाने घडवणारे प्रथिन) पिष्टमयाचे विघटन करते, तो प्रयोगही असाच. ठरावीक वेळाने आयोडीनमध्ये थेंब टाकत गेले, की पिष्टमयामुळे येणारा निळा-काळा रंग हळूहळू येईनासा होतो. ३७ अंश सेल्सिअसला विकर जोमाने काम करते; पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी परीक्षानळी कोमट पाण्यात ठेवली नाही, तर तीच क्रिया रेंगाळते. लाळ आधी उकळली असेल तर रंग निळाच राहतो. शेजारच्या मुलीचा वेळ आपल्यापेक्षा वेगळा आला म्हणजे प्रयोग चुकला असे नाही. दोघींच्या लाळेतले विकराचे प्रमाण सारखे नसते.

पूर्वी प्राणिशास्त्राची ओळख बेडूक व झुरळाच्या विच्छेदनाने होई. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदनावर मर्यादा आणल्या आणि २०१४ मध्ये महाविद्यालयीन प्राणिशास्त्रात ते थांबवण्याची सूचना केली. प्रतिकृती आणि संगणकावरील चित्रफिती आता त्याची जागा घेतात. प्राण्यांचा जीव वाचला हे योग्यच झाले. जिवंत हालचाल पाहण्याची गरज मात्र चित्रफितीने भागत नाही. त्यासाठी उकळून गार केलेल्या गवताच्या पाण्यात तळ्याचे थोडे पाणी मिसळून काही दिवस ठेवावे. सूक्ष्मदर्शीखाली पॅरामेशियम हा एकपेशीय जीव वेगाने पळताना दिसतो. कापसाचे दोन-चार तंतू टाकले की तो अडखळतो आणि पक्ष्माभिका (पोहण्यासाठीचे केसांसारखे बारीक तंतू) पाहता येतात.

शहरातल्या टेकड्या हा या शिक्षणाचा दुसरा भाग आहे. वेताळ टेकडीवर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात जमिनीवर आखलेल्या एकाच चौकटीतल्या वनस्पती मोजल्या, तर परिसंस्थेच्या धड्याला स्वतःची आकडेवारी मिळते.