गमर्याहू बेन शाफान: आगीत भाजून टिकलेलं नाव

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 36व्या अध्यायात एक प्रसंग आहे. यरुशलेमचा राजा यहोयाकीम थंडीच्या दिवसांत शेगडीपाशी बसला आहे आणि त्याच्यासमोर यिर्मयाच्या भविष्यवाणीची गुंडाळी वाचली जाते आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळून जाते. "जाळू नका," अशी विनवणी तिघे दरबारी करतात. राजा ऐकत नाही. त्या तिघांपैकी एक गमर्याहू, शाफानाचा मुलगा. मराठी बायबलमध्ये तो 'गमऱ्या' म्हणून भेटतो. मंदिराच्या वरच्या अंगणात त्याची खोली होती आणि गुंडाळीचं पहिलं जाहीर वाचन तिथेच झालं होतं. एवढं झालं की हा माणूस कथेतून बाहेर पडतो.

हे साल साधारण इ.स.पू. 604. अठरा वर्षांनी, इ.स.पू. 586 मध्ये, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजांनी यरुशलेम जाळलं.

1982 साली पुरातत्त्वज्ञ यिगाल शिलो यांचा चमू यरुशलेममधल्या 'दावीदनगर' या जुन्या टेकडीच्या पूर्व उतारावर खोदत होता. तिथे त्या विध्वंसाच्या राखेच्या थरात एका खोलीत पन्नासच्या आसपास मृण्मुद्रा सापडल्या. मृण्मुद्रा म्हणजे ओल्या मातीची चपटी गोळी. पपायरसचा दस्तऐवज गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा, गाठीवर माती थापायची आणि तीवर आपल्या नावाचा शिक्का उमटवायचा. गोळी न फोडता कागद उघडता येत नसे, म्हणून तिचं काम लाखेच्या सीलसारखंच. यातल्या एकीवर जुन्या हिब्रू लिपीत दोन ओळी आहेत: 'गमर्याहू बेन शाफानचे' ('बेन' म्हणजे मुलगा). हुद्दा नाही, चित्र नाही.

त्या खोलीतले दस्तऐवज जळून गेले. गोळ्या राहिल्या, आणि त्या राहिल्या त्या आगीमुळेच. नुसती वाळवलेली माती पाण्यात टाकली की विरघळते. शेकडो पावसाळ्यांत या गोळ्यांचा चिखल झाला असता. पण माती साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्या खनिजांच्या रचनेत बांधलेलं पाणी निघून जातं, कणांची जडणघडण बदलते आणि तिचा पुन्हा चिखल होत नाही. वीट भट्टीत होतं तेच. शहर पेटवणाऱ्यांनी नकळत एक दफ्तर भाजून पक्कं केलं.

त्याच विध्वंसाने भौतिकशास्त्रालाही एक मोजमाप दिलं. मातीत आणि फरशीच्या गिलाव्यात लोहाची सूक्ष्म खनिजं असतात. ती खूप तापून थंड होतात तेव्हा त्या घडीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि तीव्रता त्यांच्यात नोंदली जाते. दावीदनगरालगतच्या एका जळालेल्या इमारतीच्या फरशीचे तुकडे इस्रायली संशोधकांनी तपासले. 2020 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार इ.स.पू. 586 मध्ये तिथलं क्षेत्र आजच्यापेक्षा बरंच तीव्र होतं. चुंबकीय क्षेत्राच्या इतिहासात इतक्या नेमक्या सालाचा आधारबिंदू क्वचित मिळतो.

आता नावाकडे. हिब्रूत 'गमर' म्हणजे पूर्ण करणं, तडीस नेणं. 'याहू' हे इस्राएलच्या देवाच्या नावाचं आखूड रूप. दोन्ही मिळून: 'याहूने पूर्ण केलं'. स्तोत्र 138 मध्ये 'परमेश्वर माझ्यासाठी सर्व सिद्धीस नेईल' असं म्हणताना हेच क्रियापद येतं. फरक इतकाच की स्तोत्रात आशा आहे आणि नावात काम झाल्याची पोच. खूप वाट पाहून झालेल्या मुलाला असं नाव दिलं असेल, असं वाटून जातं. पण हा केवळ तर्क. आईबापांनी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याचं नाव ठेवलेलं असणंही तितकंच शक्य आहे.

'याहू' हे शेपूट मात्र अभ्यासकांच्या फार कामाचं. दक्षिणेकडच्या यहूदाच्या राज्यात नावं '-याहू'ने संपत, तर उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन इथल्या खापरांवर तोच देव '-याव' असा लिहिलेला दिसतो. बाबेलच्या बंदिवासानंतर '-याह' हे छोटं रूप वाढलं. त्यामुळे नुसतं नाव पाहूनही ते कुठलं आणि साधारण कधीचं, याचा अंदाज बांधता येतो. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू घरांत मलिद्याच्या विधीत ज्याचं नाव आवर्जून घेतात, त्या एलियाहू हन्नबीच्या नावातही हेच 'याहू' आहे: 'माझा देव याहू'.

मग मुद्रेवरचा गमर्याहू तोच कशावरून? शंका रास्त आहे, कारण नाव दुर्मीळ नव्हतं. यिर्मयाच्याच पुस्तकात हिल्कीयाचा मुलगा असलेला दुसरा गमर्याहू आहे. संदेष्ट्याचं पत्र बाबेलला नेणाऱ्यांपैकी तो एक. 1935 मध्ये यहूदातल्या लाखीश या शहराच्या जागी सापडलेल्या शाईने लिहिलेल्या खापरांपैकी पहिल्यावर आणखी एक आहे, गमर्याहू बेन हिस्सिलयाहू. तोही याच काळातला.

म्हणून निर्णय बापाच्या नावावर ठरतो. 'शाफान' म्हणजे खडकांत राहणारा, सशाएवढा हायरॅक्स हा प्राणी. माणसासाठी हे नाव कमी आढळतं. त्या पिढीत प्राण्यांच्या नावांची हौस असावी. 2 राजे 22मध्ये योशीया राजाने देवाचा कौल घ्यायला पाठवलेल्या मंडळींत शाफान आहे आणि अखबोर, म्हणजे उंदीर, आहे. ते ज्या संदेष्ट्रीकडे जातात ती हुल्दा, तिचं नावही अशाच एका बिळातल्या प्राण्याचं. हा शाफान राजाचा चिटणीस होता. मंदिरात सापडलेलं नियमशास्त्र इ.स.पू. 622च्या सुमारास त्यानेच राजाला वाचून दाखवलं. ते ऐकून योशीयाने कपडे फाडले होते. त्याच्याच मुलाने, यहोयाकीमने, पुढे गुंडाळी फाडली.

नाव जुळतं, बापाचं दुर्मीळ नाव जुळतं, लिपीचं वळण त्या काळाचं आहे, जागा सरकारी वस्तीतली आहे. सर्वांत वजनदार मुद्दा म्हणजे मुद्रा शास्त्रीय उत्खननात, ओळखीच्या थरात मिळाली. हा मुद्दा किती मोलाचा आहे ते यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्या मुद्रेवरून कळतं. 'बेरेख्याहू बेन नेरियाहू, लेखनिक' असा मजकूर असलेली (बारूख हे बेरेख्याहूचंच आखूड रूप) मृण्मुद्रा 1970च्या दशकात पुराणवस्तूंच्या बाजारातून आली. तिच्यावर तर हुद्दाही होता आणि बराच काळ ती बायबलमधल्या व्यक्तींचा सर्वोत्तम पुरावा मानली गेली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीचा निष्कर्ष निघाला की ती बनावट आहे. माझ्या मते तिच्या नीटनेटकेपणावरच आधी शंका यायला हवी होती. गमर्याहूच्या मुद्रेवर हुद्दा नाही, त्यामुळे शंभर टक्के खात्री देता येत नाही, पण ती कुठून आली याबद्दल वाद नाही.

दावीदनगरात नंतर आणखी दोन ओळखीची नावं निघाली. 2005 मध्ये यहूखल बेन शेलेम्याहू आणि 2008 मध्ये, तिथून काही मीटरवरच, गदल्याहू बेन पशहूर. दोन्ही एलात मझार यांच्या उत्खननात. यिर्मया 38मध्ये हे दोघे एकत्र येतात: संदेष्ट्याला ठार करा, अशी मागणी राजाकडे करणाऱ्या आणि त्याला गाळाने भरलेल्या हौदात सोडणाऱ्या अधिकाऱ्यांत.