लादी सुटते तेव्हा: हिमालयातल्या हिमस्खलनाच्या इशाऱ्यांची पार्श्वभूमी

मराठीत फ्रिजमधला तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. सह्याद्रीत वेगळ्या शब्दाची गरजच पडली नाही. हिमालयात मात्र एका हिवाळ्याचा बर्फ म्हणजे थरावर थर असतात आणि घात बहुतेकदा खालचा एखादा कच्चा थर करतो.

भारतात या थरांकडे शास्त्रीय नजरेनं पाहणं सुरू झालं ते लष्करी गरजेतून. १९६२च्या युद्धानंतर उंचावरच्या चौक्या आणि तिथपर्यंतचे रस्ते सांभाळणं भाग झालं. १९६९ मध्ये मनालीत 'सासे' ही बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था उभी राहिली. २०२० मध्ये ती डीआरडीओच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मिसळली आणि चंडीगडची 'डीजीआरई' झाली.

संस्थेच्या अभ्यासातून एक गोष्ट ठळक झाली: हिमालयात सगळीकडचा बर्फ सारखा वागत नाही. काश्मीर-हिमाचलमधल्या पीर पंजाल रांगेत तो भरपूर आणि जड पडतो. हिमवृष्टी चालू असताना किंवा लगेचच नंतर कोसळतो. लडाखच्या उत्तरेकडच्या काराकोरम रांगेतला धोका जास्त फसवा. तिथे थंडी कडाक्याची आणि थर पातळ. जमिनीलगतचा बर्फ त्यातल्या त्यात उबदार, वरचा अतिथंड. या फरकामुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात. एकमेकांना धरून ठेवणं त्यांना जमत नाही. त्यावर वाऱ्यानं आणून टाकलेला बर्फ घट्ट बसतो आणि वरून सगळं भक्कम दिसतं. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर मग एका माणसाचं वजनही पुरतं. वरच्या घट्ट थराची अख्खी लादीच सुटते. आभाळ निरभ्र असतानासुद्धा.

२७ फेब्रुवारी २०२५ला डीजीआरईनं चमोलीसह उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत २४०० मीटरच्या वरच्या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची छावणी गाडली गेली. ५४ पैकी ८ जण गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांना त्यांच्या पत्र्याच्या कंटेनरांनी वाचवलं. इशारा बरोबर होता, पण जिल्ह्याला दिलेला इशारा नेमक्या कोणत्या उताराखाली झोपायचं नाही, हे सांगत नाही.

रस्ते आणि चौक्यांसाठी घडलेल्या या व्यवस्थेच्या कडेला आता गिर्यारोहक, स्कीवाले आणि भर हिवाळ्यात केदारकंठाला जाणारे पुण्या-मुंबईचे ट्रेकर उभे आहेत. ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात अडकली. २७ मृतदेह मिळाले, दोघे तेव्हा सापडले नाहीत. ते हौशी पर्यटक नव्हते. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी होते. आणि महिना ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजून हिवाळाही म्हणत नाहीत.