दुकान उघडं राहणं वेगळं आणि धंदा चालणं वेगळं

सांगलीत गणपती पेठेतल्या कुठल्याही मसालेवाल्याला विचारा, तुम्ही चार दिवस गावाला गेला तर दुकान चालतं का, तो म्हणणार चालतंय की, पोरं आहेत ना. खरंय, शटर वर जातं, गिऱ्हाईक येतं, साउंडबॉक्स बोलतो, रात्री गल्ला मोजून होतो. पण त्या चार दिवसांतले फोन ऐका जरा. "दादा, हॉटेलवाला पंधरा किलो मसाला उधारीवर मागतोय, देऊ का?" "दादा, काकी पुडा परत घेऊन आल्यात, तिखट नाही म्हणत्यात, काय करू?" दुकान उघडं आहे, पण धंदा दादांच्या खिशात बसून कोल्हापूरला लग्नाला गेलाय.

धंदा चालणं म्हणजे हे फोन येऊच नयेत. त्यासाठी रोजची उत्तरं आधी ठरवून वहीत लिहायची, जुन्या गिऱ्हाइकाला पाच हजारापर्यंत उधार, मागची बाकी असली तर नाही, पुडा फोडलेला असला तरी एकदा बदलून द्यायचा आणि नाव लिहून ठेवायचं, वगैरे. वहीप्रमाणं वागून नुकसान झालं तर वही बदला, पोराला झापू नका, एकदा झापलं की तो पुढच्या वेळी परत फोनच करणार.

मोबाईलवर कॅमेरे बघत बसणं तर यात धरूच नका, ते गल्ल्यावर बसणंच झालं, खुर्ची फक्त घरची. आणि एक भरवशाचा माणूस ठेवला की झालं असंही नाही, उद्या त्यानं समोरच स्वतःचं दुकान टाकलं तर?

सगळ्यात अवघड गाडी अडते ती चवीवर. कांदा लसूण मसाल्यात ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला हे सगळ्यांना माहितीय, पण कुठली किती आणि धने कुठवर भाजायचे हे वहिनींच्या हातात, विचारलं तर म्हणणार अंदाजानं. मग वहिनी मूठ भरतील तेव्हा ती आधी काट्यावर ठेवायची, दोनचार घाण्यांचं वजन लिहून घ्यायचं, नंतर दुसऱ्या बाईनं करायचं आणि वहिनींनी फक्त बघायचं, हात लावायचा नाही (हेच जड जातं). भाजणं काय वजनात लिहिता येत नाही, त्याला नीट भाजलेल्या धन्याचा नमुना बरणीत ठेवायचा आणि अधूनमधून बदलायचा.

कागदाचं पण बघा. मालक देवदर्शनाला आणि २० तारखेला जीएसटीचा ३बी (महिन्याचा रिटर्न) भरायचा, ओटीपी मात्र त्याच्याच मोबाईलवर, हे नेहमीचं. प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्या मालकाच्या नावावरच्या धंद्यात, जीएसटी नंबर मालकाच्या पॅनवर असतो, मालक वारला तर वारसाला नवीन नोंदणी घ्यावी लागते आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून वळतं करावं लागतं. सीएकडं एकदा बसून बोलून घ्या.

वर्षाचा हळदीचा माल भरायला मात्र मार्केट यार्डात मालकानंच जावं, असं माझं मत. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, आज घ्यायचं का भाव उतरायची वाट बघायची ते ठरवायचं, यात पैसा मोठा अडकतो आणि शिकायला संधी वर्षातनं एकदाच. पोरगं त्यात तयार व्हायला तीनचार सीझन जाणार, तोवर त्याला नुसतं बरोबर न्यायचं.